घाणेरी संपते तिथून तुंगनाथपर्यंत

बुधवार, सोलापूर

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 457 मीटर उंचीवर आहे, आणि जिल्हाभर भटकलं तरी त्या आकड्यात फार मोठी उडी पडत नाही. नान्नजच्या माळावरून कुठल्याही दिशेला तासभर मोटारसायकल मारा, झाडं तीच. बाभूळ, हिवर, बोर, कडुनिंब, आणि मधे मधे लावलेलं ग्लिरिसिडिया. आपल्याकडे काय उगवणार ते पाऊस ठरवतो. उंची ठरवते असा मुलूख बघायची माझी जुनी हौस. शाळेत जीवशास्त्र शिकवताना फळ्यावर डोंगर काढून त्यावर आडवे पट्टे आखायचो: खाली रुंद पानांची झाडं, मग सूचिपर्णी, मग गवत, मग बर्फ. पोरांचं पाठ व्हायचं. मला मात्र ते चित्र जरा जास्तच स्वच्छ वाटायचं. म्हणून यंदा उत्तराखंडात, डोंगरावरच्या तुंगनाथच्या देवळापर्यंत जायचं ठरवलं.

बरोबर आक्का, दाजी आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. दाजींची शेती मंगळवेढ्याकडची, काळ्या रानातली. त्यांच्यासारखा सोबती असला की झाडाचं शास्त्रीय नाव सांगून भागत नाही. "त्याचा उपेग काय?" हा प्रश्न ठरलेला. आक्कानं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि धपाटे इतके बांधून घेतले होते की निम्मी बॅग त्यातच गेली. सकाळची कर्नाटक एक्सप्रेस पकडली. मे महिना, पारा बेचाळीसच्या वर, खिडकीतून येणारं वारं भाजून काढत होतं. गुरुवार सगळा दिल्ली गाठण्यात आणि पुढची गाडी बदलण्यात गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

शुक्रवार, हरिद्वार

भाच्यानं मोबाईलवर उंची दाखवणारं ॲप घेतलं होतं. गंगेच्या काठावर त्यानं ते उघडलं आणि हसायलाच लागला. हरिद्वार 314 मीटर. एवढा प्रवास करून हिमालयाच्या दारात आलो, ते सोलापूरपेक्षा खालीच.

दुपारनंतर राजाजी व्याघ्र प्रकल्पाच्या कडेनं एक चक्कर मारली. इथलं मुख्य झाड साल. सरळसोट खोड, वर दाट पानं, आणि अशी हजारो झाडं एकाच जातीची. आपल्या पानगळीच्या रानात इतकी एकजात गर्दी फार दिसत नाही. सालाचं राज्य या पायथ्याच्या टेकड्यांपुरतंच असतं, हजार मीटरच्या आसपास ते संपत जातं. हत्ती दिसले नाहीत, त्यांची ताजी लीद मात्र दिसली. रस्त्याकडेच्या झुडपाचं पान आक्कानं सहज चुरडलं आणि ओरडली, "अरे, हा कढीपत्ता हाय की!" खरंच कढीपत्ता. शिवालिकच्या जंगलात तो कुणी न लावता, खालच्या झुडपांत मोकाट वाढतो. तिला तिथून हलवायला वेळ लागला. अभयारण्यातलं पानही तोडू नये हे सांगितल्यावर तिनं नुसता वास घेतला, तोही दोनदा.

शनिवार, हरिद्वार ते ऊखीमठ

दिवसभर गाडी. ड्रायव्हर गढवाली, गप्पिष्ट, मला "भैजी" म्हणायचा. देवप्रयागपासून अलकनंदेच्या काठानं रस्ता चढतो-उतरतो, आणि ज्यांनी हिमालय फक्त कॅलेंडरवर पाहिला आहे त्यांचा इथं हिरमोड होतो. उघडे, तापलेले डोंगर, आणि उतारांवर साबराची बनं. दाजी खूश. "पाव्हणं, हे तर आपल्या बांधावरचं!" अगदी तेच नाही, पण त्याच युफोर्बिया वंशातलं, मोडलं की तसाच पांढरा चीक येणारं. अडुळसा होता, काटेसावर होती, पळस होता, आणि घाणेरी तर सगळीकडे होती. अमेरिकेतून बागेसाठी आणलेलं हे झुडूप सोलापुरातही कुंपणं ओलांडून पसरलं आहे. इथं नदीकाठच्या दऱ्यांमध्ये तिनं तेच केलंय.

मग भाच्यानं खेळ काढला. मोबाईल न बघता, झाडं बघून उंची ओळखायची. घाणेरी दाट आहे तोवर आपण खालीच. ती विरळ झाली, आंब्याची झाडं मागे पडली, की हजार-बाराशे मीटर ओलांडले. रुद्रप्रयागला मंदाकिनीच्या खोऱ्यात वळलो. कुंडला पूल ओलांडून ऊखीमठची चढण लागली आणि घाणेरी हळूहळू दिसेनाशी झाली. तिच्या जागी चीड पाइन. झुबक्यात तीन-तीन लांब सुया, आणि खोडांवर राळेसाठी पाडलेल्या खाचा.

इथंच माझ्या फळ्यावरच्या पट्ट्यांना पहिला तडा गेला. दरीच्या एका बाजूला, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उन्हाच्या उतारावर चीड वरपर्यंत चढलेला. समोरच्या उत्तरेकडच्या सावलीच्या उतारावर मात्र त्याच उंचीला गर्द, ओलसर, रुंद पानांचं जंगल. उंची एकच, पण डोंगरानं सूर्याकडे तोंड केलंय की पाठ, यावर सगळं अवलंबून. सावलीच्या बाजूला बर्फ उशिरा वितळतं, माती ओल धरते. त्यामुळे पट्टे आडवे आखले तरी प्रत्यक्षात ते तिरके, तुटक आणि एकमेकांत घुसलेले असतात.

ऊखीमठ 1,300 मीटरच्या आसपास. हिवाळ्यात केदारनाथची पूजा इथल्या ओंकारेश्वर मंदिरात होते. तुंगनाथचा देवही थंडीत खाली मक्कूमठला येतो. वर बर्फ पडलं की खाली उतरायचं, हे इथं देवांनाही चुकलेलं नाही. मेंढपाळ, त्यांची जनावरं, मोनाल पक्षी, सगळे वर्षातून एकदा चढतात आणि एकदा उतरतात. आपल्याकडचे धनगर चाऱ्यासाठी शेकडो किलोमीटर आडवे चालतात. इथं चार दिवस उभं चाललं की ऋतू बदलतो.

रात्री जेवायला मंडुव्याची रोटी आणि गहतची डाळ. मंडुवा म्हणजे नाचणी, गहत म्हणजे कुळीथ. दाजींनी डाळ तीनदा मागून घेतली.

रविवार, सारी आणि देवरिया ताल

सारी गावातून देवरिया तालची चढण तासा-दीड तासाची, पण आम्ही दुप्पट वेळ घेतला. दोष झाडांचा. बांज ओक सुरू झाला होता. पान उलटं करून बघायचं: खालची बाजू पांढुरकी. त्याच्यात मिसळून बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, उत्तराखंडचा राज्यवृक्ष. या उंचीवर त्याची फुलं मार्च-एप्रिलमध्येच होऊन गेली होती, गावात त्याचं लालभडक सरबत तेवढं मिळालं. भरपाई काफळनं केली. गोट्यांएवढी आंबटगोड लाल फळं झाडाखाली पोरं द्रोणातून विकत होती. मीठ लावून खायची. बी मोठी, गर नावापुरता, तरी हात थांबत नाही.

वाटेत पाठीवर चाऱ्याचे भारे घेतलेल्या बायका भेटल्या. बांजचा पाला गुरांना, वाळकी फांदी चुलीला, कुजकी पानं शेताला. दाजींनी त्यांच्याशी मोडक्या हिंदीत बराच वेळ गप्पा मारल्या आणि परत येऊन मला म्हणाले, "ह्या बायका त्या सुयांच्या झाडावर लई चिडून हाईत." चीडवरचा त्यांचा राग नीट समजून घेण्यासारखा आहे. त्याच्या वाळक्या सुयांना इथं पिरूल म्हणतात. उन्हाळ्यात त्यांचा जाड थर जमिनीवर साचतो, तो घसरडा असतो, त्यातून गवत नीट वर येत नाही, आणि ठिणगी पडली की पेट घेतो. 2016 आणि 2024 च्या उन्हाळ्यांत उत्तराखंडात वणव्यांनी हाहाकार केला तेव्हा खालच्या चीडच्या पट्ट्यांनीच सगळ्यात जास्त पेट घेतला. चीडची साल जाड, त्यामुळे मोठी झाडं आगीतून वाचतात. बांजची कोवळी रोपं मात्र जातात. त्यात पाल्यासाठी बांज पुन्हा पुन्हा छाटला जातो, जमिनीला ऊन लागतं, आणि मोकळ्या, कोरड्या जागेत उगवायला चीडला आवडतंच. म्हणजे दोन झाडांमधली ही सीमा नुसत्या तापमानानं आखलेली नाही. तिच्यात विळा आहे, वणवा आहे, आणि लाकडासाठी, राळेसाठी चीडला झुकतं माप देणारं इंग्रजांच्या काळापासूनचं वनखातंही आहे. गावाचा झरा आटला की लोक म्हणतात, वरचं बांज गेलं. ती नुसती तक्रार नाही. ओकच्या जंगलातली पानांनी भरलेली माती पावसाचं पाणी धरून ठेवते.

देवरिया ताल 2,438 मीटरवर. कॅलेंडरमधलं प्रतिबिंब बघायला पहाटे यावं लागतं. आम्ही दुपारी पोचलो, समोरच्या चौखंबा शिखरावर ढग होते. तळ्याकाठच्या झाडांवर लंगूर होते, आपल्या वानरांपेक्षा अंगानं भरलेले आणि दाट केसांचे. जंगलाच्या कडेनं पिवळ्या चोचीचा निळा मॅगपाय उडत गेला, हातभर शेपूट मागे तरंगत.

सोमवार, चोपता

चोपत्याला पोचेपर्यंत 2,700 मीटर झाले. हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. रुद्रप्रयागला घामाघूम झालेली आक्का चोपत्याच्या टपरीवर सोलापुरी चादर पांघरून चहा पीत होती, तेव्हा ते सूत्र माझ्याही अंगात शिरलं.

इथून जंगलाचा चेहराच वेगळा. बांज खाली राहिला, त्याच्या जागी मोरू आणि मग खर्सू. दोन्ही ओकच. खर्सूच्या पानाची पाठ तांबूस, कडेला काटे. त्याच्यासोबत फर, मेपल, रिंगाल नावाचा बारीक बांबू, आणि अधूनमधून थुनेर, म्हणजे हिमालयातलं यू झाड. थुनेरच्या सालीचा काढा इथले लोक पूर्वीपासून चहासारखा घेत. पुढे याच वंशातल्या झाडांपासून टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध निघालं आणि थुनेरची साल ओरबाडली जाऊ लागली. या झाडाला वाढायला फार वर्षं लागतात, त्यामुळे नुकसान लवकर भरून येत नाही.

खर्सूच्या फांद्या मात्र मला सगळ्यात जास्त आवडल्या. एकही फांदी उघडी नाही. शेवाळ, नेचे, ऑर्किड, आणि करड्या-हिरव्या झालरी लोंबणारी दगडफुलं. दगडफूल हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण आक्कानं खाली पडलेला एक पापुद्रा उचलून नाकाला लावला आणि म्हणाली, "काळ्या मसाल्यातलं." बरोबर होतं. या भागात अशा लायकेनना झूला म्हणतात, ओकवरून गोळा करून बाजारात विकतात, आणि असा माल फिरत फिरत मसाल्याच्या पेठांत पोचतो. दगडफूल दगडावर येतं अशी माझ्या बहिणीची चाळीस वर्षांची समजूत त्या दुपारी खर्सूनं मोडली. स्वच्छ, दमट हवा असल्याशिवाय ते असं फोफावत नाही. चार चमचे मसाल्यामागे इतकं जुनं जंगल उभं असतं, हे मलाही त्याआधी कधी सुचलं नव्हतं.

संध्याकाळी रस्त्याच्या वळणावर पिवळ्या गळ्याचा मार्टेन दिसला. मुंगसापेक्षा मोठा, सळसळत जाणारा, एका खोडावरून दुसऱ्यावर. भाच्याचा कॅमेरा निघेपर्यंत संपलंही.

मंगळवार, तुंगनाथ

पहाटे निघालो. चोपत्याहून तुंगनाथ साडेतीन-चार किलोमीटर, फरसबंद वाट. सुरुवातीला बुरांशची झाडं, आणि इथं ती अजून फुलावर होती. खालचा वसंत संपला होता, वरचा चालू होता. फुलांचा रंगही बदललेला. खाली लाल, इथं गुलाबी, अजून वर जवळजवळ पांढरा. एकाच जातीच्या झाडाचा रंग उंचीबरोबर असा फिका होत जातो. फुलांवर सूर्यपक्ष्यांची झुंबड. आपल्या शिंजिराचे भाऊबंद, पण अंगावर लाल-पिवळ्याची उधळण.

साधारण 3,300 मीटरच्या सुमाराला झाडं थांबली. हळूहळू नाही. दहा मिनिटांपूर्वी जंगलात होतो, आता उघड्यावर. वाढीच्या हंगामात सरासरी तापमान सहा-सात अंशांच्या खाली राहिलं की झाडाला नवं लाकूड तयार करणं जमत नाही, हे जगभरच्या वृक्षरेषांबद्दल सांगितलं जातं. शेवटचा पहारा सिमरूचा. हाही ऱ्होडोडेंड्रॉनच, पण झुडूप. बर्फाच्या वजनानं खोडं उताराच्या दिशेनं वाकलेली, जांभळट फुलांचे गुच्छ नुकते उमलू लागलेले.

त्या सिमरूत लाल डोक्याचं, लाल छातीचं, चिमणीएवढं एक पाखरू शीळ घालत बसलेलं. मी दुर्बीण लावायच्या आत दाजी म्हणाले, "ही तर आमच्या ज्वारीवरची!" मला पटेना, म्हणून नीट बघितलं. कॉमन रोजफिंच. हिवाळ्यात ती थव्यानं दख्खनच्या ज्वारीवर उतरते, आणि उन्हाळ्यात हिमालयाच्या वरच्या झुडपांत घरटं करते. दाजी कणसांवरून ती हाकलत आले आहेत. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "हिथं शीळ घालती. आमच्याकडं नुसती खाती." पाखराचं गाणं विणीच्या हंगामातलं, त्यामुळे ते मंगळवेढ्यात ऐकू येणारच नाही. आपण ज्यांना हिवाळी पाहुणे म्हणतो, त्यांची घरं बघायची म्हणजे मेमध्ये इकडे यायला हवं. उजनीवर येणारे पट्टकदंब तर याहूनही पलीकडे, लडाख आणि तिबेटच्या तळ्यांवर जातात, ही सगळी रांग ओलांडून.

वरती बुग्याल, म्हणजे झाडांच्या वरची गवताळ कुरणं. गवत अजून पिवळट, सावलीच्या घळीत बर्फाचे तुकडे, आणि वितळत्या बर्फाच्या कडेनं प्रिम्युलाचे जांभळे गेंद. इथल्या झाडांकडे चार-पाच महिने असतात. तेवढ्यात फुलायचं, बी धरायचं, आणि पुन्हा जमिनीखाली जायचं. म्हणून सगळी ठेंगणी, जमिनीला चिकटलेली, मुळं मात्र जाडजूड. त्या मुळा-कंदांवर मोनालचं पोट चालतं. मंदिराच्या अलीकडच्या उतारावर एक नर चोचीनं माती उकरत होता. ऊन पडलं की पाठीवर हिरवा, निळा, तांबूस, जांभळा असे रंग फिरत जायचे. हा उत्तराखंडचा राज्यपक्षी. पूर्वी तुऱ्यासाठी त्याची बेसुमार शिकार झाली. माणसांची रांग वीस पावलांवरून चालली होती, त्याला त्याचं काही नव्हतं.

दगडांच्या फटीतून पिका डोकावत होते. उंदरासारखे दिसतात, पण शेपूट नाही आणि कूळ सशाचं. बर्फातही ते झोपी जात नाहीत. कड्यावर ताहर होते, मानेवर आयाळ असलेले रानबोकड. वर दाढीवाला गिधाड एकदाच घिरटी घालून गेला. हा हाडं खाणारा. मोठं हाड उंचावरून खडकावर टाकून फोडतो.

मंदिराची उंची 3,680 मीटर सांगतात, पंचकेदारांत, म्हणजे शंकराच्या इथल्या पाच देवळांत, सर्वांत उंच. भाच्याचा मोबाईल कमी दाखवत होता. देवळाच्या दारात मी त्या वादात पडलो नाही. जवळच गढवाल विद्यापीठाचं उंचावरच्या वनस्पतींवर काम करणारं केंद्र आहे. नोकरी तिथं मिळाली असती तर, असा विचार मनात आला, आणि जानेवारीतल्या बर्फाच्या आठवणीनं लगेच गेला.

आक्काला ब्रह्मकमळ बघायचं होतं. आमच्या घरी कुंडीत जे रात्री फुलतं ते ब्रह्मकमळ नव्हे, ते मध्य अमेरिकेकडचं निवडुंग, हे मी तिला सांगून थकलोय. खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, पिवळट कागदी आवरणातलं, आणि ते ऑगस्टशिवाय दिसणार नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ते लपवून ठेवलंय.

एक गोष्ट खटकली. घोडे आणि माणसं फरसबंद वाट सोडून गवतातून आडव्या वाटा पाडतात, आणि त्या प्रत्येक वाटेवर माती उघडी पडून घळ तयार होते. उच्च न्यायालयानं 2018 मध्ये बुग्यालांवर मुक्कामाला बंदी घातली, पण दिवसाचा पाय कोण मोजणार? हंगामच पाच महिन्यांचा, त्यात उखडलेलं गवत पुन्हा धरायला वर्षं लागतात.

बुधवार, मंडल

चोपत्याहून गोपेश्वरकडे उतरणारा रस्ता हा माझ्या मते या भागातला सगळ्यात सुंदर तुकडा, आणि बहुतेक गाड्या तिथं थांबत नाहीत. केदारनाथ वन्यजीव अभयारण्य 1972 चं, मुख्यतः कस्तुरीमृगासाठी. कांचुला खर्कला 1982 मध्ये कस्तुरीमृगांचं प्रजनन केंद्रही काढलं होतं, पुढे ते बंद पडलं. या हरणाला शिंगं नसतात, नराला बाहेर आलेले सुळे असतात आणि पोटाखाली ती ग्रंथी, जिच्यापायी त्याचा जीव जातो. आम्हाला अर्थातच दिसलं नाही. इथं आपण हळू उतरत राहिलो तर खर्सू, मोरू, बांज असे तिन्ही ओक एकामागून एक उलट्या क्रमानं भेटतात.

मंडल साधारण दीड हजार मीटरवर. ओढ्यातल्या दगडावर शेपूट हलवत करडा धोबी, हाही हिवाळ्यात सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तळ्याकाठी दिसणारा. 24 एप्रिल 1973 ला चिपको आंदोलनाची पहिली ठिणगी या गावात पडली. गावकऱ्यांना नांगर-जू करायला अंगूची, म्हणजे ॲशची झाडं हवी होती. ती नाकारली गेली, आणि खेळाचं सामान बनवणाऱ्या सायमन कंपनीला मात्र दिली गेली. चंडीप्रसाद भट्ट आणि दशोली ग्राम स्वराज्य संघाच्या लोकांनी झाडांना मिठी मारायचं ठरवलं, ढोल वाजवत माणसं जमली, आणि कंपनीची माणसं रिकाम्या हातानं परतली. रेणी गावात गौरादेवी आणि तिथल्या बायकांनी झाडं वाचवली ते त्यानंतरचं, 1974 चं.

दाजींनी अंगूचं झाड दाखवायला लावलं, खोडावर थाप मारली, फांदी हातानं तोलून बघितली. लाकूड हलकं, पण चिवट. "जू ह्याचंच करायचं. बाभळीचं जड पडतं बैलाला." सायमन कंपनीबद्दल त्यांनी जे म्हटलं ते इथं लिहीत नाही.

मंडलहून अनसूयेच्या मंदिरावरून रुद्रनाथला वाट जाते, आणि तिकडच्या उंचीवर ऑगस्टमध्ये ब्रह्मकमळ फुलतं. हे ड्रायव्हरनं सांगितलं आणि आक्कानं तिथल्या तिथं पुढचा बेत ठरवला. दाजींचीही हरकत नाही. काळ्या रानातली ज्वारी सप्टेंबराखेरीज पेरायची नसते, ऑगस्टात त्यांना मोकळीक असते. ड्रायव्हर म्हणाला, ऑगस्टात इथं दरडी कोसळतात, रस्ता दोन-दोन दिवस बंद, आणि जंगलात जळवा. "जळवा म्हणजे किती?" आक्कानं विचारलं. त्यानं बुटापासून गुडघ्यापर्यंत हात नेऊन दाखवला. ती जरा वेळ गप्प बसली, मग दाजींना म्हणाली, "तुम्ही आणि दादा जावा. मला फोटो आणा."